शस्त्रक्रियेनंतरच्या दीर्घकालीन मज्जातंतू-वेदनेवरील उपचारपद्धतींचे तौलनिक विवेचन : भंडारा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

सारांश :

शस्त्रक्रियेची जखम भरून आल्यानंतरही काही रुग्णांची वेदना कायम राहते. या वेदनेच्या मुळाशी अनेकदा शस्त्रक्रियेत दुखावलेला किंवा व्रणात अडकलेला मज्जातंतू असतो. अशा वेदनेवर औषधांपासून मज्जातंतुछेदनापर्यंत आणि मेरुरज्जूच्या विद्युत-उद्दीपनापर्यंत अनेक उपचार उपलब्ध आहेत. त्यांपैकी कोणता, केव्हा आणि कोणत्या क्रमाने स्वीकारावा, हा प्रश्न रुग्णापुढे व डॉक्टरांपुढे असतो. प्रस्तुत लेखात जांघेतील शस्त्रक्रियेनंतरची वेदना हे प्रमुख उदाहरण घेऊन या उपचारांची तुलना केली आहे. निदानाची खात्री, परिणामांची परतफेड, पुराव्याचे बळ, अपयशाची किंमत आणि उपलब्धता या तुलनेच्या पाच कसोट्या आहेत. धानशेती, हत्तीरोगाचा प्रादुर्भाव आणि विशेषज्ञ सेवेपासूनचे अंतर यांमुळे भंडारा जिल्ह्यात या कसोट्यांना वेगळे वजन प्राप्त होते.

बीजसंज्ञा : दीर्घकालीन वेदना, मज्जातंतू, हर्निया, मज्जातंतुछेदन, हत्तीरोग, भंडारा जिल्हा

प्रस्तावना :

वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला भंडारा जिल्हा तलावांचा व धानाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी असे सात तालुके या जिल्ह्यात राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या आसपास असून तिचा मोठा भाग ग्रामीण आहे. बांधीत चिखल करणे, पऱ्हे उपटणे, रोवणी, कापणी, भारे वाहणे ही येथील कामे कमरेत व जांघेत वाकल्याशिवाय होत नाहीत. त्यामुळे जांघेतील किंवा ओटीपोटातील शस्त्रक्रियेनंतर जी वेदना खुर्चीत बसून काम करणाऱ्यास सुसह्य वाटेल, तीच वेदना येथील शेतकऱ्याचा किंवा शेतमजूर स्त्रीचा संपूर्ण हंगाम हिरावून घेऊ शकते.

शस्त्रक्रियेनंतरची दीर्घकालीन वेदना हा विषय वैद्यकशास्त्रात तुलनेने अलीकडे चर्चेत आला. १९९८ मध्ये क्रॉम्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील वेदना-चिकित्सालयांत आलेल्या ५१३० रुग्णांची पाहणी केली. त्यांपैकी सुमारे २२.५ टक्के रुग्णांच्या वेदनेमागे पूर्वीची शस्त्रक्रिया हे एक कारण असल्याचे त्यांना आढळले. २००६ मध्ये केहलेट, जेन्सन व वुल्फ यांनी 'लॅन्सेट'मधील लेखात या प्रश्नाची व्याप्ती मांडली. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे १० टक्के, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर २० ते ३० टक्के आणि अवयवच्छेदनानंतर ३० ते ५० टक्के रुग्णांत वेदना दीर्घकाळ राहते, असा त्यांचा अंदाज होता. २०२२ पासून अंमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या वेदनेस स्वतंत्र स्थान मिळाले आहे. शस्त्रक्रियेनंतर सुरू झालेली किंवा वाढलेली आणि किमान तीन महिने टिकलेली वेदना या संज्ञेस पात्र ठरते, मात्र संसर्ग किंवा मूळ आजार यांसारखी अन्य कारणे वगळलेली असावी लागतात.

वेदनेचे स्वरूप व निदान :

जांघेच्या भागातून प्रामुख्याने तीन संवेदक मज्जातंतू जातात : इलिओइंग्वायनल, इलिओहायपोगॅस्ट्रिक आणि जेनिटोफिमोरल मज्जातंतूची जननांगाकडे जाणारी शाखा. हर्नियाच्या खुल्या शस्त्रक्रियेत हे तिन्ही मज्जातंतू शल्यचिकित्सकाच्या हाताखालून जातात. त्यांपैकी एखादा कापला गेला, टाक्यात बांधला गेला, जाळीला चिकटला किंवा व्रणाच्या कठीण ऊतीत अडकला तर तो चुकीचे संदेश पाठवू लागतो. सिझेरियनच्या आडव्या छेदाच्या दोन्ही टोकांशी यांपैकी पहिले दोन मज्जातंतू असल्याने स्त्रियांतही हीच तक्रार उद्भवते. शेतमजूर स्त्रिया पुष्कळदा ती 'टाक्यांचे दुखणे' म्हणून अंगावर काढतात.

या वेदनेची भाषा वेगळी असते. रुग्ण जळजळ, सुया टोचणे, करंट लागल्यासारखी कळ, मुंग्या येणे अशी वर्णने करतो. धोतराचा किंवा लुगड्याचा काठ घासला तरी कळ येते, परंतु त्याच जागी त्वचा काहीशी बधिरही असते. बधिरता आणि अतिसंवेदनशीलता यांचे एकाच जागी असणे ही मज्जातंतूच्या इजेची महत्त्वाची खूण होय. २००५ मध्ये फ्रान्समध्ये तयार झालेली 'डीएन-४' ही दहा मुद्द्यांची प्रश्नावली या कामी उपयुक्त आहे. दहापैकी चार किंवा अधिक मुद्दे जुळल्यास वेदना मज्जातंतूजन्य असण्याची शक्यता मोठी असते. या प्रश्नावलीसाठी ब्रश व सुई एवढेच साहित्य लागत असल्याने प्राथमिक आरोग्य केंद्रातही ती वापरता येते.

येथे भंडारा जिल्ह्याचे एक वैशिष्ट्य लक्षात घेणे अगत्याचे आहे. पूर्व विदर्भातील अन्य जिल्ह्यांप्रमाणे हा जिल्हा हत्तीरोगाचा प्रादुर्भाव असलेला आहे. क्युलेक्स डासामार्फत पसरणाऱ्या या रोगात हातापायांच्या सुजेबरोबर हायड्रोसीलही होतो, म्हणून हायड्रोसीलची शस्त्रक्रिया हा रोगनियंत्रण कार्यक्रमाचा भाग आहे. अशा भागात जांघ दुखत असलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियाप्राप्त रुग्णाचा मज्जातंतूच दुखावला आहे, असे गृहीत धरता येत नाही. ताप, थंडी वाजणे, जांघेत अवधाण येणे, शुक्ररज्जूवर सूज व लाली असल्यास तो हत्तीरोगाचा तीव्र झटका असू शकतो. खोकताना फुगवटा दिसत असल्यास हर्निया पुन्हा उद्भवलेला असू शकतो. या दोन्ही परिस्थितींत मज्जातंतूवरील उपचार निरुपयोगी ठरेल. हायड्रोसीलची शस्त्रक्रिया बहुधा अंडकोशाच्या छेदातून होते. त्यामुळे तिच्यानंतरच्या वेदनेत शोध जांघेतील व्रणाऐवजी शुक्ररज्जूतील मज्जातंतूंकडे वळवावा लागतो.

तुलनेच्या कसोट्या :

उपचारांची तुलना करताना 'सर्वांत प्रभावी कोणता ?' हा एकच प्रश्न विचारणे अपुरे आहे. पुढील पाच प्रश्न एकत्रितपणे विचारात घ्यावे लागतात.

१) वेदना कोणत्या मज्जातंतूतून येते याची खात्री कितपत आहे ?
२) उपचाराचा परिणाम नको झाल्यास तो मागे घेता येईल काय ?
३) त्या उपचाराच्या बाजूने असलेला पुरावा तुलनात्मक चाचणीचा आहे की केवळ रुग्णमालिकेचा ?
४) उपचार अपयशी ठरल्यास रुग्ण पूर्वीच्याच स्थितीत राहील की अधिक वाईट स्थितीत जाईल ?
५) उपचार कोठे मिळतो, किती वेळा घ्यावा लागतो आणि त्यासाठी किती मजुरी बुडते ?

उपचारपद्धतींचे विवेचन :

(अ) प्रतीक्षा व औषधोपचार : शस्त्रक्रियेनंतरची वेदना पहिल्या वर्षात पुष्कळ रुग्णांत आपोआप ओसरते. म्हणून मज्जातंतू कापण्यासारख्या उपचाराचा विचार सामान्यतः सहा महिने ते एक वर्षाच्या आत केला जात नाही. या काळात औषधे हा मुख्य आधार असतो. मज्जातंतू-वेदनेवरील औषधांचे जे आंतरराष्ट्रीय पुनर्मूल्यांकन २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार एका रुग्णास ठळक आराम मिळण्यासाठी ॲमिट्रिप्टिलिनच्या गटातील औषध सुमारे ४.६ रुग्णांना, ड्युलोक्सेटिनच्या गटातील ७.४ रुग्णांना, तर गॅबापेंटिन-प्रिगाबॅलिन गटातील ८.९ रुग्णांना द्यावे लागते. म्हणजे सर्वांत जुने आणि स्वस्त औषध या तुलनेत मागे नाही. तथापि, वृद्धांत लघवी अडणे, तोंड कोरडे पडणे, हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता येणे हे त्याचे धोके आहेत. प्रिगाबॅलिनमुळे गुंगी येते व पायांवर सूज चढू शकते. हत्तीरोगाच्या भागात ही सूज हत्तीपायाची सुरुवात समजली जाण्याची शक्यता असल्याने रुग्णास आधीच कल्पना देणे इष्ट होय.

(आ) मज्जातंतूभोवती स्थानिक भुलीचे इंजेक्शन : सोनोग्राफीच्या साहाय्याने लिग्नोकेन किंवा ब्युपिव्हाकेन, कधी स्टिरॉइडसह, मज्जातंतूभोवती सोडले जाते. या क्रियेस निदान व उपचार असे दुहेरी मूल्य आहे. इंजेक्शननंतर काही तास वेदना थांबली तर वेदनेचा मार्ग सापडला, असे अनुमान निघते. हे अनुमान निर्विवाद मात्र नाही. बिशॉफ व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हर्नियानंतरच्या वेदनेच्या १२ रुग्णांवर केलेल्या दुहेरी-अंध चाचणीत औषधाचे इंजेक्शन व सलाइनचे इंजेक्शन यांच्या वेदनाशमनात फरक आढळला नाही. रुग्णसंख्या लहान असली तरी या चाचणीने दिलेला इशारा मोलाचा आहे. एकाच इंजेक्शनच्या यशावर विसंबून मज्जातंतू कापण्याचा निर्णय घेऊ नये. चाचणी वेगळ्या दिवशी पुन्हा करावी आणि आराम औषधाच्या परिणामकाळाशी जुळतो काय, हे पाहावे. मधुमेही रुग्णांत स्टिरॉइडमुळे रक्तशर्करा काही दिवस वाढते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

(इ) स्पंदित रेडिओफ्रिक्वेन्सी : या पद्धतीत सुईच्या टोकातून रेडिओ-वारंवारतेचा प्रवाह अतिशय लहान स्पंदांत सोडतात. टोकाचे तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ दिले जात नाही, त्यामुळे मज्जातंतू जळत नाही. याउलट, ८० अंशांच्या आसपास तापमान नेणाऱ्या उष्ण रेडिओफ्रिक्वेन्सीत तंतूंचा नाश केला जातो. जांघेतील वेदनेसाठी स्पंदित पद्धतीचा पुरावा बहुतांशी लहान रुग्णमालिकांचा आहे आणि मिळणारा आराम काही महिन्यांपुरता असू शकतो. परंतु तिच्यातील अपयशाची किंमत अल्प आहे. क्रिया फसली तरी रुग्ण सहसा पूर्वस्थितीतच राहतो.

(ई) शीतक्रिया : नायट्रस ऑक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइड वायू बारीक छिद्रातून प्रसरण पावताना थंड होतो, या तत्त्वावर मज्जातंतूवर बर्फाचा गोळा तयार केला जातो. १९७६ मध्ये लॉइड व सहकाऱ्यांनी या पद्धतीकडे लक्ष वेधले. गोठलेला तंतू आतून विघटित होतो, पण त्याचे बाह्य आवरण टिकून राहते. पुढे त्याच आवरणातून तंतू हळूहळू पुन्हा वाढतो. म्हणून आराम आणि बधिरता दोन्ही काही महिन्यांची असते. परतफेडीच्या कसोटीवर ही पद्धती इंजेक्शन व छेदन यांच्या मध्ये बसते.

(उ) मज्जातंतुछेदन : व्रण पुन्हा उघडून दुखावलेला मज्जातंतू किंवा तिन्ही मज्जातंतू कापून काढणे, हा या मालिकेतील निर्णायक उपचार होय. लॉस एंजेलिस येथील परवीज अमिद यांनी तिहेरी छेदनाची पद्धती रूढ केली. तिचा प्रारंभीचा पुरावा रुग्णमालिकांचा होता. २०१८ मध्ये नेदरलँड्समधील वर्हागेन व सहकाऱ्यांची यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध झाली आणि थेट तुलना उपलब्ध झाली. ५४ रुग्णांपैकी इंजेक्शनच्या गटात २२ टक्के, तर छेदनाच्या गटात ७१ टक्के रुग्णांची वेदना सहा महिन्यांनी निम्म्याहून अधिक घटली.

या आकड्यांवरून छेदनच प्रथम करावे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु त्याच आकड्यांचा दुसरा अर्थही आहे. सुमारे पाचांपैकी एका रुग्णास इंजेक्शननेच पुरेसा आराम मिळाला, म्हणजे त्यास कायमची बधिरता स्वीकारावी लागली नाही. ज्यांना आराम मिळाला नाही त्यांच्यासाठी छेदनाचा मार्ग खुलाच राहिला. उलटपक्षी, छेदन झालेल्यांपैकी तिनांत जवळजवळ एका रुग्णास अपेक्षित आराम मिळाला नाही आणि कापलेला मज्जातंतू तर परत जोडता येत नाही. कापलेल्या टोकाशी वेदनादायक गाठ तयार होणे, संवेदना तुटल्यामुळे नव्या प्रकारची वेदना सुरू होणे, जांघेच्या वा अंडकोशाच्या त्वचेस बधिरता येणे हे त्यातील धोके आहेत. तात्पर्य, छेदनाचे यश मोठे आहे म्हणून ते उपलब्ध असावे आणि ते अपरिवर्तनीय आहे म्हणून ते शेवटी असावे. जाळी गोळा होऊन वेदना होत असल्यास केवळ मज्जातंतू कापून भागत नाही, जाळी काढण्याचाही विचार करावा लागतो. म्हणूनही छेदनापूर्वीचे निदान काटेकोर असणे आवश्यक आहे.

हायड्रोसीलनंतरच्या चिवट वेदनेत याच धर्तीवर सूक्ष्मदर्शकाखाली शुक्ररज्जूतील मज्जातंतू तोडण्याची शस्त्रक्रिया केली जाते. तिचा पुरावाही मुख्यतः रुग्णमालिकांचा असून शुक्ररज्जूवरील इंजेक्शनने आराम मिळालेल्या रुग्णांतच ती विचारात घेतात.

(ऊ) विद्युत-उद्दीपन : मेरुरज्जूजवळ किंवा त्यालगतच्या मज्जामूळ गंडिकेजवळ तारा बसवून विद्युत-स्पंदांनी वेदनेचा संदेश दबवला जातो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५२ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत गंडिकेच्या उद्दीपनाने ८१.२ टक्के आणि मेरुरज्जूच्या उद्दीपनाने ५५.७ टक्के रुग्णांत तीन महिन्यांनी यश नोंदवले गेले. ते रुग्ण पायाच्या विशिष्ट वेदना-विकाराचे होते. त्यामुळे हे आकडे जांघेच्या वेदनेला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. कायमचे यंत्र बसवण्यापूर्वी काही दिवस तात्पुरत्या तारांनी परीक्षा घेता येते आणि यंत्र काढताही येते, हा या पद्धतीचा गुण. काही लाखांचा खर्च, तार सरकणे, संसर्ग आणि यंत्राची वारंवार तपासणी या तिच्या मर्यादा होत.

जिल्ह्याच्या परिस्थितीत उपचारांचा क्रम :

भंडारा शहरापासून नागपूर सुमारे ६० किलोमीटर अंतरावर आहे. लाखांदूर तालुक्यातील गावकऱ्यास हे अंतर याहून पुष्कळ अधिक पडते. सोनोग्राफीच्या आधारे केलेले इंजेक्शन प्रशिक्षित भूलतज्ज्ञास जिल्हा पातळीवर करणे शक्य असते. रेडिओफ्रिक्वेन्सी, शीतक्रिया किंवा मज्जातंतुछेदनाचा अनुभव असलेले विशेषज्ञ मात्र मोठ्या शहरांतच शोधावे लागतात. म्हणून पाचवी कसोटी येथे दुय्यम राहत नाही.

उदाहरणादाखल, हर्नियाची शस्त्रक्रिया होऊन दहा महिने झालेला एखादा अल्पभूधारक धान-उत्पादक घेता येईल. वाकताच जांघेत कळ येते, रोवणी दीड महिन्यावर आहे आणि औषधाने अर्धवटच आराम आहे. कागदोपत्री छेदनाचे यश अधिक असले तरी या वेळी छेदन केल्यास जखम भरण्याचा काळ नेमका रोवणीत येईल आणि अपयश आल्यास हंगामही जाईल. याउलट, इंजेक्शनने किंवा स्पंदित रेडिओफ्रिक्वेन्सीने मिळालेला काही महिन्यांचा आराम जगाच्या दृष्टीने अपुरा, पण त्या कुटुंबाच्या दृष्टीने वर्षाचे धान घरात आणणारा ठरू शकतो. आराम टिकला नाही तर धानाची मळणी आटोपल्यानंतर छेदनाचा निर्णय शांतपणे घेता येतो. ज्याला दर तीन महिन्यांनी नागपूरची फेरी व दोन दिवसांची मजुरी परवडत नाही, त्याच्या बाबतीत मात्र तात्पुरत्या उपचारांची साखळी लांबवणे अन्यायकारक होईल. अशा रुग्णास छेदनाचे गुणदोष लवकर व स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजेत. नियोजित उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो काय, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच करून घेणे हिताचे असते.

प्रतिबंधाचा विचार :

दुखावलेल्या मज्जातंतूवरील कोणताही उपचार तो न दुखावण्याइतका चांगला नाही. २००६ मध्ये इटलीतील ९७३ हर्निया-शस्त्रक्रियांच्या अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या वेळी तिन्ही मज्जातंतू ओळखून जपले असता दीर्घकालीन वेदनेचे प्रमाण घटते, असे दिसून आले. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही मज्जातंतू ओळखण्यावर भर आहे. यासाठी नवे यंत्र लागत नाही, लागतो तो शल्यचिकित्सकाचा थोडा अधिक वेळ.

या संदर्भात महाराष्ट्रातील दोन शल्यचिकित्सकांचे कार्य उल्लेखनीय आहे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेल्या मच्छरदाणीच्या कापडाचा वापर करून त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे २०१६ मध्ये युगांडातील ३०२ पुरुषांवरील चाचणीत अशा स्वस्त जाळीत व व्यापारी जाळीत पुनरुद्भव आणि गुंतागुंत यांबाबत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीविना, पोटाच्या स्नायूवरील पटलाची पट्टी वापरून करावयाची पद्धती २००१ मध्ये मांडली. पोलंडमधील २०८ रुग्णांच्या चाचणीत तीन वर्षांनंतर तिचे निष्कर्ष जाळीच्या पद्धतीशी तुल्य ठरले. या दोन्ही अनुभवांवरून असे दिसते की ग्रामीण रुग्णालयात चांगली शस्त्रक्रिया होण्यासाठी महाग साहित्य ही अट नाही.

निष्कर्ष :

१) शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक टिकलेली जळजळ, कळ व बधिरता ही रुग्णाची मनोकल्पना नसून निदानयोग्य विकार आहे.
२) हत्तीरोगाच्या भागात संसर्ग, हत्तीरोगाचा झटका व हर्नियाचा पुनरुद्भव ही कारणे प्रथम वगळावीत.
३) उपचारांचा क्रम परतफेडीच्या कसोटीवर लावावा : प्रतीक्षा व औषध, इंजेक्शन, स्पंदित रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा शीतक्रिया, आणि त्यानंतर मज्जातंतुछेदन. विद्युत-उद्दीपन मोजक्या रुग्णांसाठी राखून ठेवावे.
४) यशाच्या टक्केवारीबरोबर अपयशाची किंमतही रुग्णास त्याच्या भाषेत सांगितली जावी.
५) उपचाराची वेळ ठरवताना रोवणी व कापणीचे वेळापत्रक हा वैद्यकीय निर्णयाचाच भाग मानावा.
६) हर्निया, हायड्रोसील व सिझेरियनच्या प्रत्येक रुग्णास तीन महिन्यांनी 'अजून दुखते काय ?' हा साधा प्रश्न आरोग्य केंद्रात विचारला जावा. विचारले गेले नाही तर अंगावर दुखणे काढण्याची सवय असलेला हा समाज स्वतःहून ते सांगावयास येत नाही आणि तोवर उपचाराचा सोपा टप्पा मागे पडलेला असतो.